काजळीचं बोट

डॉक्टरीणबाईंनी काजळीचा पुढचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि म्हणाल्या, "काका, दोन्ही हातांनी धरा तिला. दुखलं तर उसळेल."

हेमसिंगनं घोडीला धरलं, पण डाव्या हातानंच. उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला होता, तो तसाच राहिला. भुरीबाई पुढं आली आणि नवऱ्याच्या जोडीनं तिनं दोर धरला.

घोडी विकल्यातच जमा होती. रिठदचा किशन तिला विकत न्यायला टेम्पो घेऊन तांड्यावर आला होता. घोडीच्या पायाला आतल्या अंगानं एक टणक गाठ हाताला लागली, तेवढ्यावर तो अडला होता, म्हणून शेलूबाजारहून ढोरांच्या दवाखान्यातल्या पल्लवीबाईंना बोलावलं होतं.

हे विकणं भुरीबाईला पटलेलं नव्हतं. हेमसिंगच्या बापापासून घरात वरातीची घोडी होती. घोडीच्या डाव्या अंगानं चालायचं आणि उजव्या हातात लगाम धरायचा, ही हेमसिंगची रीत. काजळीला दुसरी ठाऊकच नव्हती. मग सोयाबीन काढताना तो हात मळणीयंत्रात गेला. जखम भरल्यावर किन्हीराजाच्या एका वरातीत तो घोडी घेऊन उभा राहिला, तर नवरदेवाची आत्या साऱ्यांदेखत म्हणाली, की असा तुटका हात पोराच्या म्होरं नको. त्या दिवसापासून हात दुपट्ट्यात गेला आणि वराती बंद झाल्या. सोयरे जेवायला बसले की हेमसिंग भूक नाही म्हणून उठून जायचा.

बाईंनी गाठ चाचपली, जोरानं दाबली. काजळी ढिम्म. मग त्या हसल्या. म्हणाल्या, गाठ जुनी आहे, आता दुखत नाही, घोडी धडधाकट आहे. पण गाठीच्या आत काय आहे ते ऐका. ज्याला आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. त्याच्या खाली तळहाताचं एक लांब हाड, त्याच्या खाली एकच बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. काही कोटी वर्षांमागं घोड्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता. रानातल्या मऊ मातीत चालायचा. पुढच्या पायाला चार बोटं होती. पुढं झाडी विरळ झाली, मोकळी गवताळ जमीन आली, पळणं आलं. पिढ्यामागून पिढ्या कडेची बोटं आखडत गेली. त्यांच्या दोन बारीक काड्या तेवढ्या मोठ्या हाडाला चिकटून राहिल्या. त्यातल्या एकीला कधीतरी मार बसला, तीच ही गाठ.

किशनला गंमत वाटली. "म्हंजे मॅडम, ह्या जनावराले धड बोटंच नाईत. लुळंच म्हना की."

"लुळं कसलं? मधलं बोट राहिलं ना. सगळा भार त्याच्यावर घेऊन पळतो तो."

बाईंनी पाय सोडला. काजळीनं तो जमिनीवर टेकवला आणि अंग सैल करून उभी राहिली. हेमसिंग तिच्या खुराकडं पाहत राहिला.

बाई हात धुऊन ओसरीवर चहाला बसल्या. किशननं टेम्पोला फळी लावली आणि घोडीला ओढत आणलं. फळीपाशी येऊन काजळी थबकली. त्यानं ओढलं, चुचकारलं, तिच्या आईचा उद्धारही केला. ती एक पाऊल हलेना.

"तूच चढव बाप्पा," त्यानं घाम पुसत दोर हेमसिंगपुढं केला. "तुह्या हाताचं वळण हाये तिले."

हेमसिंग काजळीच्या डाव्या अंगाला गेला. मग दातांनी दुपट्ट्याची गाठ सोडली. यंत्रानं अंगठ्यासकट सारी बोटं नेली होती, मधलं तेवढं ठेवलं होतं. ओसरीवर बाईंचा कप ओठांशीच थांबला. हेमसिंगनं दोराचा एक वेढा त्या बोटाला घेतला आणि जिभेनं चक् केलं. काजळी लगेच निघाली. पण फळीकडं नाही. त्यानं तिला वळवलं आणि सरळ निंबाखाली तिच्या जागेवर नेलं.

भुरीबाई बादली घेऊन पाण्याला वळली. तिला हसू आवरत नव्हतं आणि ते कोणाला दाखवायचंही नव्हतं.

किशन मागोमाग आला. त्याला राग आला होता, पण त्या हाताकडं नजर गेली आणि आवाज आपोआप खाली आला. "भाऊ, एका बोटानं किती दिस धरशीन हे घोडी?"

हेमसिंगनं हात लपवला नाही.

"थे बी एकाच बोटावर उभी हाये," तो म्हणाला.