विरळ होत गेलेल्या टाळ्या

हृषीकेश अपघातात गेला, तेव्हा त्याची आई रडली नाही. महानगरातल्या घरी मधुमतीबाई रोज दुपारी मुलाच्या खोलीत बसत आणि त्याची आवडती रेकॉर्ड लावत. त्याच्या जन्माआधीची, कुठल्याशा परदेशी बँडच्या जाहीर कार्यक्रमाची. सिंथेसायझरचे थंड सूर, यंत्राचा ठेका आणि प्रत्येक गाण्यानंतर हजारो लोकांच्या टाळ्या. गाणी त्यांना कळत नसत; टाळ्या बऱ्या वाटत.

हळूहळू त्या टाळ्या विरळ वाटू लागल्या. आपलेच कान गेले असतील, म्हणून त्यांनी धाकट्या मुलीला, आर्याला बोलावलं.

"मम्मी, पहले तो पूरा हॉल चिल्लाता था," आर्या तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली. "अब इतने कम लोग?"

"म्हणजे तुलाही तसंच ऐकू येतंय."

"बंद कर दो ना, प्लीज."

त्यांनी बंद केली नाही. त्यांना भीतीसुद्धा वाटली नाही.

रोज माणसं कमी होत गेली. आज गाणं संपलं, तेव्हा त्या भल्यामोठ्या सभागृहात एकच जण टाळ्या वाजवत होता. आधी सावकाश, मग एकदम भरभर. हृषीकेश लहानपणापासून अशाच वाजवायचा.

मधुमतीबाई ऐकत राहिल्या. मग त्याच्या शेजारी कुणीतरी साथ देऊ लागलं. त्या दुसऱ्या टाळ्यांबरोबर मधुमतीबाईंच्या हातातल्यासारख्याच काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या.

स्वयंपाकघरातून आर्याने विचारलं, "मम्मी, आप भी ताली बजा रही हो?"

मधुमतीबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे हात मांडीवर निपचित पडले होते.