कोरे चौकोन

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. जपानमधल्या उन्हाळी सुट्टीची, ऑगस्टमधली शेवटची सकाळ आहे. देवळाच्या अंगणात मुलांची रोजची रेडिओवरची कवायत संपत आली आहे. शेवटचे दीर्घ श्वास अजून चालू आहेत, पण गळ्यातलं हजेरीचं कार्ड सावरत तुम्ही केव्हाच रांगेत पहिला नंबर लावला आहे. ओकुबो काकू शेवटच्या चौकोनात लाल शिक्का मारतात. कार्ड भरलं, रंगीत पेन्सिलींचा डबा मिळाला.

चिझुरूला तो डबा मिळाला. पण तिचा जीव आजोबांत अडकला होता.

एप्रिलमध्ये गेंझो आजोबांना लकव्याचा झटका आला. डावा हात लुळा पडला. "रोज हलवला नाहीत तर कायमचा जाईल," डॉक्टर म्हणाले. आजोबा तीन महिने खिडकीशी बसून राहिले. शेवटी चिझुरूने काकूंकडून त्यांच्यासाठीही एक कार्ड मागून आणलं. पोरं हसली. पण आजोबा आले, आणि रोज येत राहिले.

उद्यापासून मात्र शिक्के नव्हते. मागच्या वर्षी आजोबांनी महिनाभर सिगारेट सोडली, तर बाबा त्यांना नवा टीव्ही देणार होते. महिना भरला, टीव्ही आला. त्याच संध्याकाळी आजोबांनी टीव्हीसमोर बसून सिगारेट पेटवली.

"आजोबा, कार्ड द्या ना! काकू निघाल्या. तुमचा डबा घ्यायचाय."

"राहू दे गं."

तिने त्यांच्या खिशातून कार्ड ओढून काढलं. चार शिक्के. पुढचे सगळे चौकोन कोरे.

"हे काय? रोज तर येत होतात!"

"त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत मी म्हातारा शोभतो का?"

"मग यायचात कशाला?"

आजोबांनी डावा हात उचलला. हळूहळू, थरथरत, कानापर्यंत.

"पाचव्या दिवशी खांद्यापर्यंत गेला. म्हटलं, उद्या कुठवर जातो बघू. मग रोजच बघावंसं वाटायला लागलं."

चिझुरूने कार्ड परत त्यांच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दाराचा आवाज आला. आजोबा खिशात छोटा रेडिओ घालून निघाले होते. 'आज शिक्का कुठाय?' असं मनात म्हणत तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. आणि तशीच थबकली.

थोड्या वेळाने ती उठली. सवयीने खिळ्यावरच्या कार्डाकडे हात गेला. तिने तो मागे घेतला आणि पळत सुटली.

अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. ती आजोबांच्या शेजारी उभी राहिली, आणि उन्हाळाभर एकदाही न घेतलेला तो शेवटचा दीर्घ श्वास तिने सावकाश, छाती भरून घेतला.