निळ्या मण्यांची सर

लेकरू जरा बाळसं धरू लागलं की समुद्रकाठच्या केटा गावात त्याच्या पोटरीला मण्यांची सर बांधतात. मणी मांसात रुतू लागले की आई गल्लीभर सांगत सुटते.

*

ऑपरेशन थिएटरमधलं भुलीचं यंत्र पुन्हा बंद पडलं.

*

धुरी दिलेल्या मासळीचा वास साबणाने जात नाही.

*

बायकांच्या वॉर्डातला कायदा कुठेही लिहिलेला नव्हता. खाटेवरून उठलीस, खाट गेली. पाय दुखतो म्हणालीस, ऑपरेशनची तारीख गेली.

*

"कुणाचा पाय दुखतोय? सूज?" मेट्रनने दारातून रोजच्यासारखं विचारलं.

"नाही, मेट्रनबाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. अक्पेनेही म्हणाली, आणि तिने चादर पायांवर नीट ओढून घेतली.

गर्भाशयातल्या गाठीमुळे तिचं पोट सहावा महिना असल्यासारखं दिसत होतं. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. एकदा रक्त नव्हतं, एकदा वीज. आता मंगळवार मिळाला होता. तोवर ती हलणार नव्हती.

"सुकत घातलेल्या माशासारखी काय पडलीयेस?" काफुईमावशी तिच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. "ऊठ. व्हरांड्यात चल."

काफुईमावशी केट्याची मासळीवाली. ज्यांना खाट मिळत नसे त्या बायका भिंतीकडेला चटया टाकत. मावशीची चटई तिथेच होती. खाट रिकामी झाली की ती म्हणे, "मला नको, तिला द्या." आणि रोज सकाळी ती बायकांना हाकलत व्हरांड्यात चालवायला नेई.

"पाय देवाने खाटेवर वाळत घालायला दिलेत का गं? चला!"

"मावशी, माझी खाट गेली तर?" शेजारची आब्ला ओरडे.

"तुझ्या खाटेवर बसेल तिची गाठ माझ्याशी आहे!"

मेट्रन कमरेवर हात ठेवून बघत राही. "तुमचं काय करू मी, मावशी?"

"माझं काही नका करू. यांचं करा."

प्रत्येक बाईच्या दोन्ही पोटऱ्यांना मावशीने मणी बांधले होते, एक बोट जाईल इतके सैल. अक्पेनेच्या वेळी एक सर कमी पडली. मावशीने स्वतःच्या मनगटावरची निळी सर सोडली. जुनी होती, मध्येच कापून पुन्हा गाठ मारलेली.

"तुमची तारीख कधी, मावशी?" अक्पेनेने तेव्हा विचारलं होतं.

"उलटून गेली."

"कितीदा?"

"एकदाच," मावशी म्हणाली आणि गाठ घट्ट केली.

*

त्या सकाळी मावशीने एका झटक्यात चादर ओढली. उजव्या पोटरीवर मणी खुळखुळत होते. डाव्या पायावर मात्र निळे मणी कातडीत बुडाले होते. पाय तुकतुकीत, तापलेला.

"कधीपासून?"

"गप्प बसा, मावशी. पाया पडते. मंगळवारपर्यंत फक्त."

"मंगळवार गेला खड्ड्यात!"

"तुमचं काय जातंय? नवरा घटस्फोटाची भाषा करतोय माझा! मूल हवंय त्याला. ही तारीख गेली तर..."

मावशीने पुढचं ऐकलंच नाही. डॉक्टर राउंडला येत होते. एरवी राउंडच्या वेळी ती बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसे. आज ती दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"आधी हिचा पाय बघा. नाहीतर मला तुडवून जा."

डॉक्टरांनी पाय बघितला. दुपारी मशीनवर तपासणी झाली. शिरेत, मांडीपर्यंत, रक्ताची गुठळी होती.

"ही सुटून फुप्फुसात गेली असती तर मंगळवार उजाडलाच नसता," डॉक्टर म्हणाले. "आता इंजेक्शनं, मग गोळ्या. ऑपरेशन नंतर."

अक्पेने भिंतीकडे तोंड करून रडली. "म्हातारी चेटकीण आहे," ती आब्लाला म्हणाली. मावशीला ऐकू गेलं.

"चेटकीण तर चेटकीण," मावशी म्हणाली. "इंजेक्शनवाली सिस्टर हो म्हणाली की चालायचं मात्र आहे."

*

नवा मका बाजारात आला तेव्हा अक्पेने परत आली. दोन्ही पोटऱ्या सारख्या. तारीख लागली. ट्रॉली घेऊन आलेल्या माणसाला तिने बाजूला सारलं.

"मी चालत जाणार."

"पडलात तर मला ओरडतील, बाई."

"त्यांना सांग, काफुईमावशीची पेशंट आहे."

गाठ निघाली. गर्भाशय राहिलं. नवरा फळं घेऊन आला, तेव्हा तिने फळं ठेवून घेतली आणि त्याला घरी पाठवलं.

घरी जायच्या दिवशी तिने निळी सर सोडून हातात घेतली. व्हरांड्यातून मावशीचा आवाज येत होता. नव्या बायका, जुन्या शिव्या.

"मेट्रनबाई, मावशींचं ऑपरेशन अजून नाही झालं?"

"कसलं ऑपरेशन?" मेट्रनने सर तिच्या हातातून घेतली. गाठीवर अंगठा फिरवला. "त्या कधी पेशंट नव्हत्याच. ही मीच कापली होती. देलाला शेवटची आंघोळ घालताना."

*

देला काफुईमावशीची मुलगी. अक्पेने यायच्या आधी, मार्चमध्ये ती याच खाटेवर तारखेची वाट पाहत न हलता पडून होती. भेटायच्या वेळी मावशीने तिला घरची मासळी भरवली, डाव्या पोटरीत रुतलेल्या निळ्या मण्यांवरून बोट फिरवलं, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं हसून म्हणाली, "बाळसं धरलं गं माझ्या पोरीने!"