खांद्यावरचा वळ

मिरवणूक संपल्यावर बाबा चौकातल्या खानावळीत घरच्यांच्या टेबलापाशी आले. चाळीस वर्षं ते गावजत्रेत इतर गड्यांबरोबर संतांची मूर्ती खांद्यावर वाहत आणि दांड्याने खांद्यावर उठलेला वळ पाहिल्याशिवाय कुणी घास घेत नसे. "दाखवा की, बाबा! यंदा संतांनी किती चेपलं?" धाकटा इव्हानो ओरडला. "दरवर्षीपेक्षा जास्तच," बाबा हसून म्हणाले, पण कॉलरवरचा हात काढेनात. थोरल्या फियोरेंझाने मिरवणुकीत शेजारून पाहिलं होतं. हाडांच्या दुखण्याने बाबांची उंची घटली होती; मूर्तीखालचा दांडा त्यांच्या खांद्याला टेकतच नव्हता. दोन बोटं वरून जात होता. इव्हानो कॉलर ओढायला उठला, तशी तिने वाइनच्या बादलीतला बर्फ रुमालात गुंडाळून बाबांच्या खांद्यावर दाबला. "हात लावू नकोस मेल्या, केवढं सुजलंय!" सगळे हसत पास्त्याकडे वळले. बाबा तिच्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वर्षी माझी जागा इव्हानोची, पोरी."