उजवीकडची जागा

देऊळगाव राजाच्या कडूबांनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली सहा वर्षं खपून भंगारातली एक अमेरिकन गाडी पुन्हा उभी केली. १९५६ची, खोलीएवढी लांब, आणि बंपर असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. कौशल्याबाई तिला सवत म्हणायच्या. "त्या सवतीत मी पायबी नाही ठेवणार," हे त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. कडूबांचा हट्ट असा, की पहिली फेरी बालाजीच्या देवळापर्यंत, आणि तीही बायको शेजारी बसली तरच.

आज काय मनात आलं कोण जाणे, बाई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या आणि सवयीनं डावीकडचं दार उघडलं.

"अहो, इथं तं स्टेरिंग हाये!"

"अमेरिकेची हाये ते. तिच्यात मालकीण उजवीकडं बसते."

"गाडीबी तुमच्यासारखीच, उलट्या डोक्याची," म्हणत त्या वळसा घालून उजवीकडे जाऊन बसल्या.

कडूबांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदाही तेच. फाटकाशी जमलेले शेजारी हसू दाबू लागले. कडूबांना घाम फुटला. आता ही उतरते की काय!



कौशल्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला, सत्यनारायणाला नवऱ्याच्या उजवीकडे बसून लावतात तशी चार बोटं त्यांच्या कोपराला लावली आणि म्हणाल्या, "हं, फिरवा आता."