चढावर मागे राहणारी सायकल

"आधी एक सांगा मिस्त्री, हिच्यावर खर्च करण्यात काही अर्थ आहे का, की सरळ नवीच घेऊ?"

शिंप्याने सायकल दुकानाच्या पायरीशी टेकवली. मिस्त्रीने हात फडक्याला पुसले आणि आधी सायकलीकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आज तुम्ही कसे काय, मास्तर? पोरगी कुठंय?"

"कॉलेजात. बुधवारी बसने जाते. मी हिला इथं आणलंय हे तिला कळू द्यायचं नाही."

मिस्त्री नुसताच हुंकारला.

सायकल रेसची होती, खाली वळलेल्या हँडलची. बावीस वर्षांपूर्वी शिंप्याने ती शिलाईचे पैसे साठवून हौसेने घेतली होती. पुढे स्वतःसाठी जरा हलकी आणली आणि ही लेकीकडे गेली. दर रविवारी सकाळी बापलेक टेकडीचा चढ चढायचे. बाप बावीस मिनिटांत वर पोचायचा, कठड्यावर टेकायचा आणि लेकीची वाट बघायचा. ती तीन मिनिटांनी यायची, घामाने निथळत. पायडल मारण्यात कुठे कुचराई नाही, हे त्याने मागे वळून कितीदा तरी बघितलं होतं. शिकवलं त्यानेच होतं, त्याला कळायचं.

गेल्या वर्षी एकदाच ती पुढे गेली होती. पण तेव्हा नेमका बापाचा गुडघा धरला होता. नंतरचे चार रविवार तो घराबाहेरच पडला नाही.

आता लेकीच्या सायकल क्लबच्या संघाची निवड तोंडावर आली होती. अट एकच, तोच चढ वीस मिनिटांच्या आत. संघात आली तर बाहेरच्या शर्यतींना जाणार. दहा वर्षांची असल्यापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. आठवडाभर ती क्लबच्या पोरांबरोबर सराव करायची, पण विचारलं की "बरं चाललंय" एवढंच उत्तर. पन्नाशी उलटलेल्या बापालाही जी गाठू शकत नाही, ती संघात कशी येणार, या विचाराने शिंप्याच्या हातून परवा एक बाही उलटी जोडली गेली होती.

"घरात काय म्हणतात?" मिस्त्रीने विचारलं.

"बायको म्हणते नवी आणा, लेकीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. आणि लेक म्हणते, बाबा, हीच छान आहे, हिला अजिबात हात लावू नका. माझी घ्यायला सांगितली तर तीही नको." शिंप्याने सीटवरची धूळ हाताने पुसली. "बापाच्या खिशाची काळजी करते हो. एवढी समजूतदार पोर."

मिस्त्रीने सायकल उलटी केली. गिअर पाहिले, साखळी बोटाने उचलून पाहिली, मागच्या चाकाला एक झटका दिला. चाक फिरत राहिलं. शिंपी बघत राहिला, तरी ते थांबेना.

जुना कोट घेऊन गिऱ्हाईक आलं की शिंपी आधी कापड चिमटीत धरायचा. कापडात जीव असेल तर उसवून पुन्हा बेतायचा, नसेल तर तोंडावर सांगायचा की यावर शिलाई वाया घालवू नका. यात त्याने कधी भीड ठेवली नाही.

"सायकल ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला.

"हलकी चाकं टाकली तर?"

"पाच-दहा सेकंदं वाचतील."

"आणि नवी घेतली तर?"

"फार तर अर्धं मिनिट."

शिंप्याने मनातल्या मनात हिशेब केला. पाच मिनिटं कमी करायची होती. तो स्टुलावर बसला.

"म्हणजे खोट सायकलीत नाही," तो म्हणाला. "पोरीच्याच पायांत जोर नाही. आणि मी बसलोय चाकं बदलत."

"मास्तर, असं का म्हणता?"

"मग काय म्हणू? चारचौघांत हसं होण्यापेक्षा घरच्या माणसाने सांगितलेलं बरं. आज जेवताना सांगतो तिला, निवडीचा नाद सोड म्हणून. रडेल, पण ऐकेल. माझ्या शब्दाबाहेर नाही ती."

तो उठला. सायकल सरळ करायला त्याने हात पुढे केला, तर मिस्त्रीने तिचं हँडल धरून ठेवलं.

"थांबा. मी शब्द दिलाय तिला, पण आता गप्प बसलो तर पाप लागेल."

"कसला शब्द?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "दर शनिवारी संध्याकाळी येते ती. मागचा ब्रेक चाकाला घासत राहील इतका आवळून नेते. सोमवारी येऊन परत सैल करून घेते. वर्ष होत आलं. मी म्हटलं, अगं, मागेच राहायचं तर इतका खटाटोप कशाला, नुसती हळू चालव की. तर म्हणाली, तसं केलं तर बाबांना लगेच कळेल."