सरकीचं पोतं

पुन्हा प्लेग आलाच तर रोगी उचलायला माणसं हवीत, म्हणून धरणगावच्या झुलालने आपणहून नाव दिलं. दवाखान्याच्या अंगणात चौघांचा सराव चाले; रोगी म्हणून सरकीचं पोतं असे. कंपाउंडरची ताकीद होती, "आधी नावानं हाक मारा, मग स्ट्रेचर उचला. रोगी घाबरत नाही."

मागच्या प्लेगात सगळं घर गमावलेली झुंबरबाई पहिल्याच दिवशी समोरच्या लिंबाखाली येऊन बसली. म्हणाली, "मना मालकनं नाव ल्या, भाऊ. त्यासले गाडीम्हा टाकं तव्हय कोनी हाक बी मारी नही."

मालकाचं नाव ती कशी सांगणार? ते झुलालला ठाऊक होतं. त्याने पोत्याला हाक मारली, "चुडामणआबा!" दुसऱ्या दिवशी लेकाचं नाव झालं, तिसऱ्या दिवशी सुनेचं.

चौथ्या दिवशी त्यानेच विचारलं, "आज कोनं नाव, अक्का?"

"बठ्ठा सरनात, घरमा कोनी उरनं नही. आज मनं नाव ल्या."

झुलालला ते बरं वाटलं नाही, पण म्हातारीचं मन मोडवेना. तो पोत्यावर वाकला. "झुंबरअक्का, उचलतस बरं."

"ओ," पोत्यातून आवाज आला.

तोवर स्ट्रेचर खांद्यापर्यंत आलं होतं. ते खाली ठेवायचा धीर चौघांपैकी कुणाला होईना, आणि लिंबाकडे वळून बघायचा तर मुळीच नाही.